लॅटिनच्या विभक्ती: तिसऱ्या गणात गाडी रुतली आहे, धक्का मारा

कारवी
सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर हलवा.

मला झाडांचा नाद आहे. रविवारी टेकडीवर जाणाऱ्या एका गटात असते, तिथे शास्त्रीय नावं सारखी कानावर पडतात. पिंपळ फायकस रिलिजिओसा, उंबर फायकस रेसिमोसा, चिंच टॅमरिंडस इंडिका. एकदा सहज विचारलं, की पुढचं नाव -अस वर संपतंय, पुल्लिंगी वाटतंय, मग विशेषणाला शेवटी -आ कशाला? कुणालाच सांगता येईना. "लॅटिन आहे, असंच असतं." त्या एका खड्ड्यात पाय गेला आणि आज मी पंचेचाळिसाव्या वर्षी लॅटिन शिकतेय. ऑनलाइन वर्ग, आठवड्यातून दोनदा, रात्री साडेआठला. म्हणजे बरोबर कुकर लावायच्या वेळी.

पहिला गण (एकाच पद्धतीने चालणाऱ्या नामांचा गट) मजेत गेला. भाजी चिरताना म्हणायचे: रोसा, रोसाय, रोसाय, रोसाम, रोसाऽ. (शेवटचा आ लांब आहे हे दाखवायला मी ऽ वापरतेय.) दुसराही झाला: दोमिनुस, दोमिनी, दोमिनो, दोमिनुम, दोमिनो. तिसऱ्यात मात्र चाक फिरेना. रेक्स म्हणजे राजा, पण राजाचा म्हणजे रेगिस. होमो माणूस, होमिनिस माणसाचा. इतेर प्रवास, इतिनेरिस प्रवासाचा. शब्द एक आणि पोटात भलताच कुणी. सर म्हणतात प्रत्येक नामाची षष्ठी बरोबरच पाठ करायची. म्हणजे दुप्पट घोकंपट्टी!

दुसरं रडगाणं, एकच प्रत्यय तीन-तीन ठिकाणी. -आय हा षष्ठी एकवचनालाही, चतुर्थी एकवचनालाही आणि प्रथमा बहुवचनालाही. ओळखायचं कसं?

तिसरं, चाचणीत "मुलीने गुलाब पाहिला" याचं मी "पुएल्लाऽ रोसाम वीदित" केलं. 'ने' आहे म्हणून मुलीला पंचमी लावली (लॅटिनमध्ये 'ने' चं कामही तीच करते). सरांनी नुसती लाल रेघ ओढली, कारण सांगितलं नाही.

कुणी या वाटेने गेलंय का?


टंगळमंगळ
सोमवार, रात्री ११:०५

झकास धागा. वाखूसा (वाचनखूण साठवली). आमची विभक्ती 'स ला ते, स ला ना ते' इथे सुरू झाली आणि तिथेच संपली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.


खडूफळा
मंगळवार, सकाळी ७:१८

कारवीताई, तीस वर्षं मराठी शिकवलं आहे, लॅटिन निवृत्तीनंतर हौसेने केलं. तुमची गाडी जिथे रुतली आहे तिथे खरं तर मराठी माणसाची रुतायला नको.

'माणूस' ला 'ला' लावा. माणूसला म्हणता का? माणसाला. पाणी, पण पाण्यात. गहू, पण गव्हाचं पीठ. विंचू, पण विंचवाने नांगी मारली. मूळ शब्द फक्त प्रथमेत तोंड दाखवतो. प्रत्यय लागायची वेळ आली की आत जाऊन कपडे बदलून येतो. याला आपण शाळेत सामान्यरूप म्हणायचो आणि दोन मार्कांना 'सामान्यरूप ओळखा' असा प्रश्न यायचा. होमो आणि होमिन- यांचं नातं म्हणजे माणूस आणि माणसा-. दुसरं काही नाही.

आता षष्ठी कशासाठी पाठ करायची ते बघा. होमिनिस मधला -इस उडवा, होमिन- हाती राहतं. हेच सामान्यरूप. मग त्याला बाकीचे प्रत्यय चिकटवत जायचं: होमिनी (माणसाला दिलं), होमिनेम (माणसाला पाहिलं), होमिने, आणि अनेकवचनात होमिनेस, होमिनुम, होमिनिबुस. रेक्सचंही तेच. रेग- सापडलं की रेगी, रेगेम, रेगे. म्हणजे घोकंपट्टी दुप्पट होत नाही, शब्दामागे फक्त एक जादा रूप. उद्या एखाद्या जपानी माणसाला मराठी शिकवायचं तर आपणही त्याला 'गहू' एकटा पाठ करू देणार नाही. 'गहू, गव्हाचा' अशी जोडी देऊ.

तेव्हा पहिल्या दोन गणांसारखा नुसता तक्ता म्हणू नका. नाम ऐकलं की लगेच 'चा' लावून म्हणायची सवय लावा. कुकरच्या शिट्ट्या मोजताना होईल.


कारवी
मंगळवार, सकाळी ७:५१

सर, डोळे उघडले. चाळीस वर्षं 'पाण्यात' म्हणतेय आणि पाणीचं पाण्या का होतं असा प्रश्न एकदाही पडला नाही. इतेरचं इतिनेर झालं तर मात्र आकांडतांडव.


काळा_कोट
मंगळवार, दुपारी २:३३

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, तुटक झालं तर माफ करा.

तुमच्या पंचमीसाठी (अॅब्लेटिव्ह) एक गंमत. लॅटिनचे गण पाच. पाचही गणांची पंचमी एकवचन तुम्ही मराठी पेपरात रोज वाचता. घ्या:

पहिला गण, शेवटी लांब -आ: इन कॅमेरा सुनावणी.
दुसरा, -ओ: एक्स ऑफिशिओ, आपल्याकडे पदसिद्ध अध्यक्ष.
तिसरा, -ए: सब ज्युडिसी, न्यायप्रविष्ट. मूळ शब्द यूदेक्स, षष्ठी यूदिकिस, म्हणून सुब यूदिके. वर सरांनी सांगितलेलं सामान्यरूप इथेही हजर.
चौथा, -ऊ: सुओ मोटू.
पाचवा, लांब -ए: बोना फिडे. हो, शाळेच्या ऑफिसातून रांग लावून आणायचं ते बोनाफाईड. बोना पहिल्या गणाचं रूप, फिडे पाचव्याचं, दोघं एकाच विभक्तीत.

उच्चारांवर जाऊ नका, कोर्टातले उच्चार इंग्रज सोडून गेलेत. शेवट बघा.

आता पुढचं. बोना फिडे म्हणजे सद्भावनेने. सुओ मोटू म्हणजे स्वतःहून. इन कॅमेरा म्हणजे खोलीत, दार लावून. ने, हून, त. आपल्या तृतीया, पंचमी, सप्तमी या तिघींचं काम लॅटिनमध्ये एकटी अॅब्लेटिव्ह करते. (आणि कॅमेरा म्हणजे खोली. माझ्या एका अशिलाला शेवटपर्यंत वाटत होतं की सुनावणीचं शूटिंग होणार. नवीन शर्ट घालून आला होता.)

जाता जाता एक ठसठस. पेपरवाले आणि आमचेही निम्मे लोक 'सुओ मोटो' लिहितात. मोतुस, म्हणजे हालचाल, हा चौथ्या गणातला शब्द, त्याची पंचमी मोतू. 'मोटो' केलं की त्याला उचलून दुसऱ्या गणात नेऊन टाकला. किती वेळा सांगितलं, कुणी ऐकत नाही.


टंगळमंगळ
मंगळवार, दुपारी २:४०

शर्टवाल्या अशिलासाठी दोन मिनिटं मौन.


कारवी
मंगळवार, दुपारी ३:१२

काळा कोट, ही पाचांची यादी फ्रिजवर लावली. तीन कामं एकटी करते हे सरांनी सांगितलं होतं, पण 'हेतू, साधन, रीत, स्थान, वियोग' अशी जंत्री दिली की डोक्यात काही शिरत नाही.


अनुष्टुभ
मंगळवार, रात्री ९:२०

असं का झालं ते सांगतो. संस्कृतच्या आठ विभक्ती (संबोधन धरून) मूळ इंडोयुरोपीय भाषेत जवळपास तशाच होत्या. लॅटिनने तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी अशा तीन खोल्यांच्या भिंती पाडून एक हॉल केला. सप्तमी थोड्या शब्दांत शिल्लक राहिली: रोमाय (रोममध्ये), दोमी (घरी), रूरी (गावी), हुमी (जमिनीवर).

भिंतींच्या खुणा अजून दिसतात. दोमिनो ही पंचमी जुन्या लॅटिनमध्ये -ओद अशी होती. स्किपिओ घराण्यातल्या एका माणसाच्या दगडी शवपेटीवर 'ग्नायवोद पात्रे प्रोग्नातुस' असं कोरलंय, ग्नायवुस नावाच्या बापापासून जन्मलेला. तो -ओद आणि आपला देवात्, ग्रामात् मधला -आत् सख्खे भाऊ. पुढे शेवटचा द गळला. प्रथमेचा -उस जुन्या काळी -ओस होता, म्हणजे देवः चा मूळ -अस्. द्वितीयेचा -उम म्हणजे देवम् चा -अम्. पेदेम आणि पादम्, पात्रेम आणि पितरम् शेजारी ठेवून बघा.

तिसरा गण म्हणजे आपले व्यंजनान्त शब्द (काही इकारान्तही त्यात आलेत). नोमेन, नोमिनिस हे सरळ नाम, नाम्नः. गेनुस, गेनेरिस हे जनस्, जनसः. मधला स दोन स्वरांमध्ये सापडला की लॅटिनमध्ये त्याचा र होतो, म्हणून गेनेरिस. झाडवाले जीनसचं अनेकवचन जेनेरा करतात, तो र हाच.

चतुर्थी-पंचमी अनेकवचनाचा -बुस म्हणजे आपला -भ्यः. रेगिबुस, राजभ्यः.

अवांतर: द्वितीयेला इंग्रजीत अॅक्युझेटिव्ह, म्हणजे 'आरोपाची विभक्ती' का म्हणतात? ग्रीकमध्ये तिचं नाव 'क्रियेचा परिणाम ज्यावर होतो ती' अशा अर्थाचं होतं. त्याच धातूचा दुसरा अर्थ दोष देणे. रोमन पंडितांनी भाषांतर करताना दुसरा अर्थ उचलला. दोन हजार वर्षं बिचारी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे.


टंगळमंगळ
मंगळवार, रात्री ९:३४

-बुस वरून आठवलं. बस?


अनुष्टुभ
मंगळवार, रात्री ९:४१

होय. ओम्निस म्हणजे सर्व. ओम्निबुस म्हणजे सर्वांसाठी. फ्रान्समध्ये सगळ्यांना चढू देणाऱ्या घोडागाडीला ते नाव मिळालं, पुढे लोकांनी शब्द गिळला आणि शेपूट ठेवलं. आपली एसटीची बस म्हणजे शब्द नसलेला, नुसता चतुर्थी अनेकवचनाचा प्रत्यय. 'बालकेभ्यः' मधल्या भ्यः ची चुलतबहीण.


टंगळमंगळ
मंगळवार, रात्री ९:४३

आजपासून मी स्टँडवर 'भ्यः आली का' विचारणार.


काळा_कोट
मंगळवार, रात्री १०:०२

यात सोसायटीच्या मीटिंगचा कोरमही घाला. क्वोरुम, 'ज्यांपैकी'. षष्ठी अनेकवचन, दोमिनोरुम मधला तोच -ओरुम. जुन्या इंग्रजी नेमणूकपत्रांत 'ज्यांपैकी तुम्ही एक असावं' असं लॅटिनमध्ये लिहायचे, त्यातला पहिला शब्द उरला. आमच्या सोसायटीत तो गेली चार वर्षं भरलेला नाही.


उलटी_गंगा
बुधवार, सकाळी ११:२५

विरजण घालतो, राग नसावा.

ही भावंडं जुळवण्याची मजा ज्याला लॅटिन येतं त्याला. शिकणाऱ्याला त्याने भलताच धीर येतो. मी दोन वर्षं संस्कृतच्या जोरावर लॅटिन केलं आणि दोन वर्षं चुकलो. मराठीची तुलनाही तोलून वापरा. आपला 'चा' पुढच्या नामाप्रमाणे बदलतो: मुलीचा भाऊ, मुलीची बहीण, मुलीचं घर. लॅटिनची षष्ठी हलत नाही, पुएल्लाय ती पुएल्लायच. आपण 'आंबा खातो' म्हणताना आंब्याला काही लावत नाही, पण 'मुलीला बघतो' म्हणतो. लॅटिनला सजीव-निर्जीव हा भेद नाही, आंबा असो वा मुलगी, एकवचनी स्त्रीलिंगी-पुल्लिंगी कर्म झालं की -म लागलाच.

आणि -आय कसा ओळखायचा या प्रश्नाला अजून कुणी हात घातलेला नाही. हे वाक्य घ्या:

नाउताय पुएल्लाय रोसास दांत.

नाउता म्हणजे खलाशी, पुएल्ला मुलगी, दांत म्हणजे देतात. रोसास द्वितीया अनेकवचन, त्यात वाद नाही. उरले दोन -आय. अर्थ किती निघतात? खलाशी मुलीला गुलाब देतात. मुली खलाशाला गुलाब देतात. खलाशाच्या मुली गुलाब देतात. मुलीचे खलाशी गुलाब देतात (हे जरा चावट आहे, पण व्याकरण अडवत नाही). चार वाक्यं, एका अक्षराचा फरक नाही.

आता 'दांत' च्या जागी 'दात', म्हणजे देतो/देते, घाला. हे चारही अर्थ कोसळतात, कारण एकवचनी कर्ता -आय ने संपू शकत नाही. म्हणजे क्रियापद आधी बघायचं. ते अनेकवचनी असेल तर एक -आय कर्ता. ते 'देणे' जातीचं असेल तर बहुधा दुसरा -आय घेणारा. देण्याघेण्याचा संबंधच नसेल तर तो 'चा'. तक्ता पाठ असून हे येत नाही, वाक्यं फोडूनच येतं. ताई, रोज पाच वाक्यं फोडा, गाणी बंद करा.


खडूफळा
बुधवार, दुपारी १२:१०

गंगाराव, वाक्य फोडण्याबद्दल बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). पण मराठीवर एवढं पाणी ओतू नका. एक रूप दोन कामं करतं याची सवय आपल्याला पाळण्यापासून आहे. 'मुलीला पाहिलं' आणि 'मुलीला पुस्तक दिलं' यातला 'ला' कोणत्या विभक्तीचा हे आपण क्रियापदावरूनच ठरवतो ना? शाळेत द्वितीया आणि चतुर्थी दोघींना 'स ला ते' च होतं.

आणि जिथे इंग्रजीतून शिकणारी पोरं अडतात तिथे आपण तरंगत जातो. 'मिही फ्रातेर एस्त', मला भाऊ आहे. 'मिही प्लाकेत', मला आवडतं. चतुर्थीला चतुर्थी. इंग्रजाला हे 'माझ्याकडे भाऊ असतो' असं वळसा घालून समजावतात.


उलटी_गंगा
बुधवार, दुपारी १२:३८

मिही प्लाकेत मान्य. तेवढ्यापुरता मी माघार घेतो.

पण मराठीचा सगळ्यात मोठा खड्डा हा तुमचा 'ने' आहे आणि ताई त्यातच पडल्यात. "मुलगी गुलाब बघते" आणि "मुलीने गुलाब पाहिला". सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ आला की आपला कर्ता तृतीयेत जातो. लॅटिनचा जात नाही. काळ कुठलाही असो, कर्ता प्रथमेत: पुएल्ला रोसाम वीदित. लाल रेघेचं कारण हे.


अनुष्टुभ
बुधवार, दुपारी १:१५

त्यात थोडी भर. ताईंचं वाक्य अगदीच अनाथ नाही. 'मुलीने गुलाब पाहिला' हे मुळात कर्मणी आहे, संस्कृतच्या 'बालिकया पुष्पं दृष्टम्' चा वंशज. म्हणून तर 'पाहिला' हे गुलाबाप्रमाणे बदलतं, मुलीप्रमाणे नाही: गुलाब पाहिला, नदी पाहिली, झाड पाहिलं. लॅटिनमध्ये हुबेहूब असंच करायचं असेल तर करता येतं: रोसा आ पुएल्लाऽ वीसा एस्त. इथे मुलगी अॅब्लेटिव्हमध्ये, फक्त आधी 'आ' हवा. रोसा प्रथमेत आली आणि वीसा हे रूप तिच्याप्रमाणे स्त्रीलिंगी झालं.

ताईंनी कर्ता कर्मणीचा घेतला आणि क्रियापद कर्तरीचं. अर्धी चपाती, अर्धा भात.


कारवी
बुधवार, रात्री ११:३०

अर्धी चपाती अर्धा भात! हे कळलं. म्हणजे चुकले मी, पण मराठीत बरोबर चुकले.

गंगाराव, वाक्यं फोडणार. गाणी बंद नाही करणार.

एक छोटा प्रश्न. सरांच्या तक्त्यात प्रथमेनंतर षष्ठी येते, दुसऱ्या एका जुन्या पुस्तकात द्वितीया. कुठला क्रम धरू?


ऱ्हाईनकाठ
गुरुवार, पहाटे २:०८

आमच्याकडे अजून कालच आहे, म्हणून हजेरी. मुलगी इथे जर्मनीत शाळेत दुसरी परकीय भाषा म्हणून लॅटिन शिकते. तिच्या पुस्तकात प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया असाच क्रम आहे, जुना रोमन पंडितांचा. प्रथमेला लागून द्वितीया घेणारा क्रम ब्रिटिश शाळांतला, केनेडी नावाच्या हेडमास्तरांनी १८६६ च्या पुस्तकातून रूढ केलेला. त्यात सारखी दिसणारी रूपं शेजारी येतात, चतुर्थीला लागून पंचमी. संस्कृत म्हटलेल्याला तो सोपा वाटेल. पण तुमचे सर ज्या क्रमाने म्हणतात तो धरा, नाहीतर वर्गात सगळे षष्ठीवर आणि तुम्ही द्वितीयेवर.

गाण्यांची बाजू मीही घेते. इथली पोरं पंचमी घेणारी शब्दयोगी एका ओळीत गातात: आ, आब, ए, एक्स उंड दे, कुम उंड झीने, प्रो उंड प्रे ('उंड' म्हणजे जर्मनमध्ये 'आणि'). पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, सासऱ्यांच्या वयाच्या शेजाऱ्यांनाही येतं. मी भांडी लावताना गुणगुणते, लॅटिन येत नसताना.

सामान्यरूपाची एक युक्ती मुलीकडून. इंग्रजीत लॅटिनवरून आलेला शब्द आठवायचा, त्यात पोटातलं रूप बहुधा सापडतं. दात म्हणजे देन्स, पण डेंटिस्ट, म्हणून देंत-. नाव म्हणजे नोमेन, पण बँकेतला नॉमिनी, म्हणून नोमिन-. पाय पेस, पण पेडल. शरीर कोर्पुस, पण कॉर्पोरेशन. डोकं कापुत, पण कॅपिटल. आणि कारवीताईंचं इतेर तर टूरवाल्यांच्या आयटिनररीत सबंध बसलंय.

गंमत म्हणजे हीच मुलगी मराठीत मला 'माणूसला' आणि 'पाणीत' म्हणते. रेक्स, रेगिस तोंडपाठ आणि पाण्यात नाही. कालपासून खडूफळा सरांची पोस्ट दाखवून उलटी शिकवणी सुरू केली आहे: पाणी, पाण्याचा. गहू, गव्हाचा. तिला एकदम पटलं. "मग आधी का नाही सांगितलंस, मराठीत पण तिसरा गण आहे म्हणून?"


खडूफळा
गुरुवार, सकाळी ६:५५

मुलीला माझे आशीर्वाद सांगा. आणि 'सासू' चा प्रश्न विचारू नका, तिथे आम्हीही अडखळतो.


रानवाट
गुरुवार, सकाळी ९:४०

मूळ प्रश्न राहिलाच की, पिंपळाचा! कारवीताई, मीही झाडवाला.

लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुतेक स्त्रीलिंगी, शेवट काही असो. फिकुस (अंजीर) दिसायला दोमिनुससारखा, पण बाई. विशेषण नामाच्या शेवटाकडे बघत नाही, लिंगाकडे बघतं. म्हणून रिलिजिओसा, रेसिमोसा, इंडिका. उलटं उदाहरण पहिल्या गणात: नाउता खलाशी, आग्रिकोला शेतकरी. शेवट -आ, पण पुरुष, म्हणून चांगला शेतकरी आग्रिकोला बोनुस. तुळशीत तिसरा प्रकार: ओसिमम नपुंसकलिंगी, म्हणून टेन्युइफ्लोरम.

मग वड फायकस बेंगालेन्सिस कसा, -आ का नाही? -एन्सिस हे तिसऱ्या गणाचं विशेषण, पुल्लिंगी-स्त्रीलिंगी एकच. अमक्या ठिकाणचा. कासच्या पठाराकडे वायतुरा बघितला असेल, अपोनोजेटॉन सातारेन्सिस, 'साताऱ्याचा'. आणि नावाच्या शेवटी दोन इ दिसले, जसं तेरड्यातल्या इम्पेशन्स लॉइआय मध्ये, की ती दुसऱ्या गणाची षष्ठी. लॉ आडनावाच्या साहेबाचं लॅटिन 'लॉइयुस' केलं आणि त्याला 'चा' लावला. लॉसाहेबांचा तेरडा. सह्याद्रीतल्या फुलझाडांची कितीतरी नावं अशा षष्ठ्यांनी भरली आहेत.

१९३५ पासून २०११ संपेपर्यंत नवीन वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये दिल्याशिवाय नाव ग्राह्य धरत नसत. २०१२ पासून इंग्रजीही चालतं. जुनी वर्णनं वाचायची तर पंचमीशिवाय गत्यंतर नाही, 'गुळगुळीत पानांनी, आखूड देठांनी' असं सगळं अॅब्लेटिव्हमध्ये चालतं. 'फोलिइस ग्लाब्रिस'. तुमच्या कामाचं आहे.


कारवी
गुरुवार, सकाळी १०:०३

रविवारी टेकडीवर मी काय भाव खाणार आहे.


साळ_नदी
गुरुवार, दुपारी ४:२६

देव बरें करूं. गोव्यातून थोडं.

आमचे पप्पा लहानपणी मिसेला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) पाद्रींच्या हाताखाली असायचे, तेव्हा मिस लॅटिनमध्ये. अर्थ शून्य, पाठ सगळं. अजून झोपेत विचारलं तरी म्हणतील: पानेम नोस्त्रुम क्वोतिदियानुम दा नोबिस होदिए. आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. हा धागा वाचून काल त्यांच्यासोबत ओळ फोडली. पानेम, पानिसची द्वितीया, तिसरा गण. नोस्त्रुम तिच्याशी जुळलेलं. नोबिस चतुर्थी, 'आम्हाला'. पप्पा म्हणाले, सत्तर वर्षांनी कळलं नेमकं काय मागत होतो. (चर्चचा उच्चार वेगळा हे लक्षात ठेवा. 'आकाशात' तिथे इन चेलिस, तुमच्या वर्गात काएलीस असेल.)

आता खरी गोष्ट. लॅटिन मोडून पोर्तुगीज वगैरे भाषा झाल्या तेव्हा बहुतेक नामं द्वितीयेच्या रूपावरून उतरली. पानेममधला म गळला, न नाकात गेला, पोर्तुगीज पांव झाला. तोच तुमचा पाव. तुम्ही मिसळीबरोबर खाता ती लॅटिन द्वितीया. आमचा पोदेर (पाववाला) सकाळी सायकलवर भोंपू वाजवत द्वितीयाच विकतो.

आणखी एक. फादर थॉमस स्टीफन्स, क्रिस्तपुराण लिहिणारे, त्यांनी कोकणीचं व्याकरणही पोर्तुगीजमध्ये लिहिलं. ते वारले १६१९ ला, व्याकरण छापलं १६४० ला, रायतूरच्या छापखान्यात. भारतीय भाषेचं पहिलं छापील व्याकरण ते. त्या काळच्या पाद्र्यांना व्याकरण म्हणजे लॅटिनचाच साचा. म्हणजे ताई आज लॅटिनला मराठीचा साचा लावतायत, चारशे वर्षांपूर्वी आमच्याकडे नेमकं उलटं चाललं होतं.


अनुष्टुभ
गुरुवार, सायंकाळी ६:१२

पाव बस कोरम. तीन शब्द, तीन विभक्ती. साळ नदी, सुंदर प्रतिसाद.


कारवी
पुढच्या आठवड्यातला रविवार, रात्री ९:१५

हजेरी लावायला आले. फ्रिजवर आता तीन कागद आहेत, नवरा दूध शोधताना वैतागतो. वाक्यं फोडतेय, पाच नाही, तीन होतात. शिवाय स्वतः रचायला लागलेय. तपासा:

सोरोर मेआ होमिनी पानेम दात. माझी बहीण माणसाला पाव देते.
फ्रात्री मेओ देंतेस नोन सुंत. माझ्या भावाला दात नाहीत.
होदिए दोमी एओ. आज मी घरी जाते.


उलटी_गंगा
रविवार, रात्री ९:४८

पहिली दोन निर्दोष. दुसऱ्यात 'मेओ' भावाच्या चतुर्थीशी बरोबर जुळवलंत, शाबास.

तिसरं पुन्हा मराठीने घात केला. आपण 'घरी आहे' म्हणतो आणि 'घरी जाते' पण म्हणतो, दोन्हीकडे तीच जुनी सप्तमी. घरी, दारी, गावी, एवढ्या मोजक्या शब्दांना ती उरली आहे ('टेबली' कुणी म्हणत नाही), अगदी लॅटिनच्या दोमी, रूरी सारखी. इतकं जमतं म्हणून गाफील राहतो. लॅटिनमध्ये घरी असणं दोमी, घरी जाणं मात्र द्वितीया: दोमुम एओ. गावांचंही तसंच. रोमाय सुम, रोममध्ये आहे. रोमाम एओ, रोमला जाते. रोमाऽ वेनिओ, रोमहून येते. आधी 'इन' वगैरे काही लावायचं नाही.


कारवी
रविवार, रात्री ९:५५

होदिए दोमुम एओ. लिहून ठेवलं. चौथा कागद.


टंगळमंगळ
रविवार, रात्री १०:०१

ताई, बाकी सगळं डोक्यावरून गेलं, पण भावाला दात का नाहीत?


कारवी
रविवार, रात्री १०:०४

कारण देन्स, देंतिस तोंडपाठ झालाय आणि दुसरा शब्द येत नाही.


टंगळमंगळ
रविवार, रात्री १०:०५

आणि केस?


कारवी
रविवार, रात्री १०:०७

सहा. बहुवचनात वेगळे दिसणारे तीनच.